भाता कोण ओढणार?

हेर्वनडाइक गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आल्ट फेरवेई माणसांचे दोनच वर्ग मानी: ज्यांना ऑर्गन कळत नाही ते, आणि ज्यांना तो कळतो असं उगाच वाटतं ते. पहिल्या वर्गात त्याची बायको, मुलगी, पाळक आणि चर्चची यच्चयावत मंडळी होती. दुसऱ्यात आसपासच्या गावांतले सगळे ऑर्गनवादक होते. तिसरा वर्ग असलाच तर त्यात तो एकटा होता, आणि तिथे त्याला गर्दी नकोच होती.

पोटासाठी तो गुरांच्या खाद्याच्या कारखान्यात कारकुनी करी. ते काम त्याला इतकं हलकं वाटे की कचेरीतल्या माणसांची नावंसुद्धा त्याने धड लक्षात ठेवली नव्हती. रविवारी मात्र सकाळ-संध्याकाळ तो चर्चच्या माडीवर चढे, कोट झटके आणि स्तोत्रं वाजवी. त्या गावांकडे स्तोत्रं संथ म्हणायची रीतच आहे, प्रत्येक सूर सारखा लांब, सारखा जड. आल्टने ती रीत आणखी मागे रेटली होती. त्याच्या एका सुरात म्हातारी माणसं दोनदा श्वास घेत आणि तरण्या पोरांचं लक्ष खिशातल्या पेपरमिंटकडे जाई. कोणी कुरकुर केलीच, तर तो नाक वर करून म्हणे, "देवासमोर धावत जायचं नसतं."

घरी सरावाला त्याच्याकडे एक जुनी पायपेटी होती. तिचा भाता असा कुरकुरे की ऐकणाऱ्याला स्तोत्र कुठलं ते कळत नसे, कुरकुर तेवढी कळे. आठवड्याच्या दिवशी चर्चमध्ये जाऊन वाजवावं, तर एकट्या माणसासाठी हीटर लावायला मंडळी तयार नव्हती. तेव्हा आल्टने ठरवलं होतं की आपल्या घरात आपला ऑर्गन हवा, खऱ्या लाकडाचा, खऱ्या नळ्यांचा, आणि तो डोळे मिटायच्या आत हवा. त्या माणसाला दुसरी कसली हौस नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

बायकोने, आलिदाने, समोरची खोली कधीच रिकामी करून दिली होती. तिचं शिवणयंत्र जिन्याखाली गेलं होतं. खोलीत आता नुसता गालिचा होता आणि त्यावर ऑर्गन येणार होता.

दर शनिवारी कुटुंब ऑर्गन बघायला निघे. आलिदा सकाळीच ब्रेड-चीजचे डबे भरी, थर्मासमध्ये कॉफी घाली, कारण वाटेतल्या पंपांवरची कॉफी आल्टच्या मते कॉफीच नव्हती. मुलगी कोरिना मागच्या सीटवर बसून कानात गाणी घाले. झ्वोलेला एका दंतवैद्याकडे बरा ऑर्गन होता, पण आल्टने चार सूर वाजवून विचारलं, "ह्याचे दात तुम्हीच उपटलेत का?" दंतवैद्याने दार दाखवलं. फ्रीसलँडमध्ये एका गोठ्याच्या माळ्यावर एक होता, त्याच्या मोठ्या नळ्यांत उंदरांनी संसार मांडले होते. "उंदीर परवडले," आल्ट म्हणाला, "निदान घर बघून तरी राहतात. ह्या शेतकऱ्याला आपल्या डोक्यावर काय आहे तेही ठाऊक नाही." एकदा आलिदाच्या फार आग्रहाने तो विजेवरच्या ऑर्गनच्या दुकानात गेला. विक्रेत्याने एक बटण दाबलं आणि म्हणाला, "बघा, आता तुम्ही कॅथेड्रलमध्ये आहात!" आल्टने चहूकडे मान फिरवली. "मला तर अजून तुम्हीच दिसताय," म्हणाला, आणि बाहेर पडला.

आलिदा अशा वेळी गाडीत बसून विणत असे. नवऱ्याचं काय होणार हे तिला आधीच कळे. डबे मात्र ती भरपूर भरी, कारण परतताना आल्टला भूक लागे. दुसऱ्यांना नावं ठेवल्यावर त्याला नेहमीच भूक लागे.

अशात कोरिनाने लग्न ठरवलं, तेही योरितशी. योरित वायरमन होता, ते एक वेळ चाललं असतं. पण तो शहरातल्या एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात भरणाऱ्या मंडळीत जाई आणि तिथल्या उपासनेत ड्रम वाजवी. आल्टने त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमचा देव बहिरा आहे का रे?"

"नाही काका," योरित म्हणाला. "पण झोपलेलाही नाहीये."

आलिदाने तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्यासारखं केलं. त्या दिवसापासून आल्टने त्या पोराला नावाने हाक मारली नाही. तो 'गालिचेवाला' झाला, आणि गालिचेवाला म्हणूनच रविवारी जेवायला येऊ लागला.

आणि मग मास्तरांचा ऑर्गन विकायला निघाला.

मास्तर कोर्तलेव्ह पलीकडच्या गावचे. आल्ट लहानपणी त्यांच्याकडे शिकला. त्यांच्या घरात एक कपाटऑर्गन होता: दारं लावली की अक्रोडाचं भलंमोठं कपाट, उघडली की आत पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या वर शिस्तीत उभ्या नळ्या. मास्तर चुकलेल्या बोटांवर झाकण आपटत आणि हेर्वनडाइकपासून रोमपर्यंत कोणालाही वाजवता येत नाही, असं सांगत. आल्टने तुच्छतेचे धडे तिथे गिरवले, बोटांचे धडे त्यानंतर. मास्तर जाऊन काही वर्षं झाली होती आणि त्यांची बायको, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, त्या घरात एकटी राहत होती. नवरा गेल्यावर बाईंनी पहिलं काय केलं असेल, तर टीव्ही आणला, आणि तो ठेवला ऑर्गनच्या बरोब्बर समोर. बघायला गेलेला आल्ट दारातच थबकला.

"बाई, इथे? ह्याच्यासमोर?"

"मग काय, न्हाणीघरात ठेवू?" बाई म्हणाल्या. "ये, बस. आलिदा, तू पण ये गं. उभी का?"

ऑर्गनला मोटर नव्हती. बाजूला एक लाकडी दांडा होता, तो कोणीतरी सारखा वरखाली करायचा, मग पोटातला भाता भरे आणि नळ्यांना हवा मिळे. मास्तरांनी हयात असेतो मोटर बसवू दिली नव्हती. दांडा बाई ओढत. योरितने हे ऐकलं तेव्हा म्हणाला होता, "काका, एवढीशी मोटर येते, बुटाच्या खोक्याएवढी. मी दुपारभरात बसवून देतो." त्यावर आल्ट म्हणाला होता, "धूळ ओढणाऱ्या झाडूयंत्राची हवा झाडूयंत्राच्या लोकांना. ऑर्गनला माणसाची हवा लागते." माणूस कुठला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

"तू वाजव, मी दांडा धरते," बाई म्हणाल्या. त्यांनी ऐंशी ओलांडली होती, पण दांड्याला हात घातल्यावर पाठ आपोआप सरळ झाली. आल्टने बेचाळिसावं स्तोत्र काढलं. लहानपणीचा तोच सूर, थोडा घोगरा, बुडाशी लाकडाचा. त्याचे डोळे भरून आले, आणि कोणी बघत नाही ना, हे त्याने आधी पाहिलं. मग त्याने नेहमीसारखा एकेक सूर ताणायला सुरुवात केली.

"आल्ट, जरा दम घेऊ का रे?" बाईंनी विचारलं.

"एवढी ओळ होऊ दे, बाई," तो न वळता म्हणाला.

ओळ झाली, मग कडवंही झालं, आणि आल्टने दुसरं सुरू केलं. आलिदाने विणकाम कोचावर ठेवलं, उठली, आणि बाईंच्या हातातून दांडा हळूच काढून घेतला. आल्टला हात बदललेले कळलेसुद्धा नाहीत. हवा एकदम दमदार झाली एवढं त्याला जाणवलं, आणि त्याचं श्रेय त्याने आपल्या बोटांना दिलं.

निघताना बाई म्हणाल्या, "उत्रेख्तचा एक दलाल पण मागे लागलाय. नळ्या काढून आत फळ्या बसवायच्या म्हणतोय. बाटल्या ठेवायचं कपाट करतात म्हणे हल्ली."

"दारूच्या बाटल्या?"

"दुधाच्या नसाव्यात."

एरवी दुसऱ्याच्या फजितीत रमणारा हा गृहस्थ त्या दारात असा उभा राहिला, की आलिदालाच त्याची कीव आली. त्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. दलाल पुन्हा येऊन गेला होता, त्यांनी अजून कोणालाच शब्द दिला नव्हता, आता काय ते सोमवारी. आल्ट त्या रात्री झोपला नाही. अक्रोडाच्या त्या कपाटात त्याला बाटल्याच बाटल्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळची उपासना झाली, घरी येऊन कॉफी आणि केक झाला, आणि मग सगळे सूपला बसले. आलिदाच्या सूपमध्ये रविवारी खिम्याचे बारीक गोळे असत, ती खास गोष्ट. आल्टने प्रार्थना म्हटली. पहिला चमचा तोंडात जातो न जातो तोच घराच्या आतल्या बोळातला फोन वाजला.

त्या गावात रविवार देवाचा, कामधंदा बंद, कोणी कोणाला फोनही करत नाही. केलाच, तर कोणी गेलं असतं नाही तर जायच्या बेतात असतं. म्हणून आल्ट उठला, बोळात गेला, फोनवर उमटलेला नंबर पाहिला, आणि तसाच परत येऊन बसला. फोन वाजतच होता.

"कोण आहे?" आलिदाने विचारलं.

"मास्तरीणबाई." त्याने रुमाल मांडीवर नीट पसरला. "सौद्याचं बोलणं. सोमवारपर्यंत दम निघाला नाही."

"मग उचला की, बाबा!" कोरिना म्हणाली. "दोन वर्षं आम्हाला गाडीतून फिरवताय त्याच्यासाठी!"

"रविवारी? ह्या घरात?"

"अहो बाबा, पण बाई रविवारी फोन कशाला करतील? काहीतरी झालं असेल."

"काय व्हायचं ते त्या घरात टीव्ही आला तेव्हाच झालंय," आल्ट म्हणाला. "एकदा ती पेटी आत आली की माणसाला वार कळेनासा होतो."

फोन थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला. योरितने खुर्ची मागे सरकवली.

"काका, मी उचलतो. मी तसाही गालिचेवाला. पाप माझ्या खात्यावर टाका."

"खाली बस." आल्टचा आवाज चढला नाही, तो कधी चढत नसे. "तुमच्या त्या दुकानात रविवारी काय काय चालतं ते मला ठाऊक नाही. माझ्या छपराखाली रविवारी सौदा होत नाही. आणि बाईंनाही कळू दे. त्यांना विसर पडला असेल तर आपण आठवण करून देऊ. वाजू दे. तेच आपलं उत्तर."

योरितने आलिदाकडे पाहिलं. तिच्या हातात पळी होती. क्षणभर ती पळी भांड्याच्या वर तशीच राहिली. मग आलिदा म्हणाली, "गोळे कोणाला हवेत अजून?"

फोन तिसऱ्यांदा वाजला तो जेवण आटपेपर्यंत थांबून थांबून वाजत राहिला. आल्टने त्या आवाजातच जेवणानंतरची प्रार्थना म्हटली, रोजच्यापेक्षा मोठ्याने आणि रोजच्यापेक्षा लांब. डोळे मिटून तो देवाला विनवीत होता, की आमचे कान तुझ्या हाकेसाठी उघडे ठेव. आमेन म्हणेपर्यंत फोन गप्प झाला होता, आणि आल्टला वाटलं, जिंकलो.

सोमवारी त्याने कचेरीत उशिरा येतो म्हणून कळवलं, चर्चचा काळा कोट चढवला आणि पलीकडच्या गावी गेला. बाईंना चार शब्द सुनवायचे आणि मग होकार घ्यायचा, असा त्याचा बेत होता. दार उघडलं ते बाईंच्या भाचीने, मार्लीसने. तिचे डोळे सुजलेले होते.

"मावशी हॉस्पिटलात आहे," ती म्हणाली. "काल दुपारी पडली. खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळच्या उपासनेत तिची जागा रिकामी दिसली म्हणून शेजारीण बघायला आली, तोवर जमिनीवरच होती हो, थंड फरशीवर."

"अरे देवा," आल्ट म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

"वायर धरून फोन खाली ओढला तिने. पण चष्मा कुठे उडालेला, आकडे दिसेनात. शेवटचा नंबर परत लावायचं ते मोठं बटण असतं ना, तेवढं बोटाला लागलं. तेच दाबत राहिली बिचारी. तुमचा नंबर होता तो." मार्लीसने नाक पुसलं. "तुम्ही घरी नव्हतात वाटतं."

आता एखाद्या साध्या माणसाची इथे वाचाच बसली असती, आणि तेवढ्याने तो वाचला असता. आल्ट साधा नव्हता. त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

"आम्ही चर्चमध्ये होतो."

"साडेबाराला?"

"प्रवचन लांबलं."

"हो, तुमचे पाळक म्हणजे!" मार्लीसने मान हलवली. "त्यांचं काय सांगावं."

रविवारी फोन न उचलणारा माणूस सोमवारी खोटं बोलला, तेही पाळकाच्या नावावर. सोमवारी त्याला कसलीच मनाई नव्हती.

घरी येऊन त्याने आलिदाला सगळं सांगितलं. सांगणं भागच होतं, गावात ते दुपारपर्यंत पोचलंच असतं. प्रवचन लांबल्याचंही त्याने सांगितलं, जरा घाईने, वाटेत ऊन होतं की पाऊस हे सांगावं तसं. आलिदा मोडून पडल्यासारखी खुर्चीत बसली. एक शब्द बोलली नाही. आल्टला वाटलं, विषय संपला. बायको गप्प बसली की विषय संपतो, अशी त्याची लग्न झाल्यापासूनची समजूत होती.

बाई बऱ्या झाल्या, पण एकटीने राहण्याजोग्या नव्हत्या. त्यांना वृद्धाश्रमात जागा मिळाली, घर रिकामं करायचं ठरलं, आणि एका संध्याकाळी मार्लीसचा फोन आला. "मावशीने ऑर्गन तुम्हाला द्यायला सांगितलाय. मोबदला नको म्हणाली. म्हणाली, जो माणूस रविवारी चर्चमध्ये असतो, त्याच्याकडेच तो जायला हवा."

आल्टने फोन ठेवला आणि बोळातच हात जोडले. आपल्या निष्ठेचं फळ मिळालं, असं त्याला खरोखर वाटलं. असल्या माणसांच्या मनाला तेल घातलेलं असतं, खोटं त्यातून सुळकन निसटून जातं आणि वर कृपेचा लेप तेवढा राहतो. खोट्याची आठवणसुद्धा त्याने ठेवली नव्हती.

ऑर्गन आला तो योरितच्या व्हॅनमधून, ज्या व्हॅनमधून एरवी ड्रम जात. योरितने आणि त्याच्या गालिच्यांच्या दुकानातल्या दोन मित्रांनी तो जपून उतरवला, समोरच्या खोलीत नेमक्या जागी ठेवला, आणि आल्ट मागून "सांभाळून, सांभाळून, ही काही सतरंजी नाहीये" असं ओरडत राहिला. काम झाल्यावर मित्र गेले. आल्टने दारं उघडली, बाकड्यावर बसला, बोटं मोडली.

"आलिदा, दांडा धर जरा."

"नाही," आलिदा दारातून म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. आधी जाऊन बाईंना सांग, आपण कुठे होतो ते."

"आता त्याचा काय उपयोग? त्या बऱ्या आहेत. खोली चांगली मिळालीये, मार्लीस सांगत होती, खिडकीसुद्धा आहे."

"आपण सूप पीत होतो, आल्ट. फोन वाजत होता, त्या फरशीवर पडल्या होत्या, आणि मी विचारत होते गोळे कोणाला हवेत म्हणून. माझं मी सांगेन त्यांना. पण खोटं तू सांगितलंस. आधी तू. तोवर ह्या घरात भाता ओढायला माझा हात नाही."

आल्टने मुलीकडे पाहिलं. "बाबा, माझ्याकडे बघू नका," कोरिना म्हणाली.

योरित आपल्या बुटांकडे बघत होता. "मी ओढला असता काका. पण आमचा ताल पडला जलद."

सगळे स्वयंपाकघरात गेले. आल्ट एकटा उरला. त्याने स्वतःच प्रयत्न करून पाहिला, डावा हात ताणून दांड्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. नळ्यांतून जे निघालं ते ऐकून शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. नुसत्या पट्ट्या दाबल्या तर लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज येई. मोटर बसवावी, तर गालिचेवाल्यापुढे तोंड वेंगाडावं लागणार, आणि झाडूयंत्राचे ते शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ होते. त्याने दारं लावून टाकली. शेजारीण आली तेव्हा तिने ते अक्रोड हाताने चाचपलं आणि म्हणाली, "नवं कपाट का? चादरींना ऐसपैस होईल." ज्या ऑर्गनच्या पोटी बाटल्या जातील म्हणून त्याची झोप उडाली होती, तो आता त्याच्याच घरात कपाट होऊन बसला होता.

शेवटी एका शनिवारी तो गेला. पश्चात्तापाने गेला म्हणावं, तर तसं ठामपणे सांगता येत नाही. ऑर्गनसाठी गेला हे नक्की.

बाई खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत होत्या, समोर टीव्हीवर बर्फावरून घसरणारी माणसं. त्यांनी आल्टला बसायची खूण केली आणि पाकिटातून एक पेपरमिंट काढून पुढे केली, चर्चच्या बाकावर करतात तशी. आल्टने ती घेतली, हातात फिरवत राहिला.

"बाई, त्या रविवारी आम्ही घरी होतो."

"माहीत आहे."

"प्रवचन लांबलं नव्हतं."

"आल्ट, साडेबाराला हेर्वनडाइकमध्ये कोणाच्या टेबलावर सूप नसतं? जन्म गेला माझा ह्या मुलखात. तुमचा पाळक कितीही बोलला तरी सूप निवेपर्यंत बोलत नाही."

आल्टने मान खाली घातली. पण त्याच्या मनातला प्रश्न ऑर्गनचाच होता, आणि तो बाहेर आला. "मग तो मला का दिलात?"

बाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"फरशीवर पडल्यापडल्या मी बटण दाबत होते ना, तेव्हा मला कळत होतं. पलीकडे वाजतोय. तू येऊन नंबर बघितलायस. आणि परत जाऊन बसलायस." त्या चिडल्या नव्हत्या. भाजीवाल्याने जुडीत काय दिलं हे सांगावं, तसं सांगत होत्या. "कसं कळलं म्हणतोस? मास्तरांनीही उचलला नसता. तू त्यांचाच. उठणं, बसणं, नाक मुरडणं, सगळं त्यांचं उचललंस. म्हणून म्हटलं, ऑर्गन तुलाच शोभेल. चाळीस वर्षं मी त्या माणसाला हवा दिली, आणि एकदाही त्याने वळून बघितलं नाही. आता बघू या तुला कोण देतं."

त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. पेपरमिंट आल्टच्या तळहातात चिकट झाली होती.

घरी आला तेव्हा आलिदा बटाटे सोलत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

तो दारात उभा राहिला. बाईंनी मोठ्या मनाने माफ केलं, असं वाक्य त्याच्या जिभेवर अगदी तयार होतं. ते त्याने कसंबसं गिळलं. "म्हणाल्या, मास्तरांनीही उचलला नसता."

आलिदाने सुरी ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि समोरच्या खोलीत गेली. "एक कडवं," ती म्हणाली. "मग बटाटे."

आल्टने घाईघाईने दारं उघडली. आलिदाने दांडा ओढला, पोटात भाता भरताना हुंकार उमटला, आणि बेचाळिसाव्या स्तोत्राचा पहिला सूर खोलीत आला. खोटं कशाला बोला, सूर सुरेख होता. घोगरा, उबदार, जुन्या घरातल्या जिन्यासारखा ओळखीचा. आल्टने डोळे मिटले. पहिला सूर त्याने ताणला, दुसरा त्याहून ताणला. इतक्या दिवसांची साठलेली भूक तो आता एकेका पट्टीवर भागवत होता. पहिली ओळ संपायला एवढा वेळ लागला की स्वयंपाकघरातल्या भांड्यातलं पाणी उकळून झाकण खडखडू लागलं.

"आल्ट, पाणी उकळलं. जरा आटप," आलिदा म्हणाली. तिला धाप लागली होती.

"एवढी ओळ होऊ दे," तो न वळता म्हणाला.

दांडा थांबला.

"बाईंनाही तू हेच म्हणाला होतास," आलिदाचा आवाज आला, आणि मग तिची पावलं.

सूर आधी जरासा खाली घसरला, मग बेसूर होत गेला, कण्हला, आणि बोटं पट्ट्यांवर तशीच दाबलेली असताना विझला. स्वयंपाकघरात बटाटे एकेक करून पाण्यात पडू लागले. आल्ट फेरवेईने जन्मात पहिल्यांदा दांड्याकडे वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.